ऐंशीतले पाच: मोफत गेम-प्रदर्शन भरवताना

२०१२ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने व्हिडिओ गेमच्या कलेवर मोठं प्रदर्शन भरवलं. प्रवेश मोफत होता. २४० गेमच्या यादीतून लोकांनी मतदान करून ८० निवडले. मात्र दालनात प्रत्यक्ष खेळायला ठेवले होते पाचच: पॅक-मॅन, सुपर मारिओ ब्रदर्स, द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड, मिस्ट आणि फ्लॉवर. बाकीचे गेम चित्रं, व्हिडिओ आणि जुनी यंत्रं यांच्या रूपात मांडलेले होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात १४ गेम घेतले. त्यांतला ईव्ह ऑनलाइन पुढच्या वर्षी दालनात आला तो व्हिडिओच्या रूपात, कारण हजारो लोक मिळून वर्षानुवर्षं घडवत असलेलं जग पाहुण्याच्या हातात पाच मिनिटं देऊन काहीच साधत नाही.

जेमतेम दोन खोल्या आणि डझनभर स्क्रीन असताना ‘गेमचा सगळा इतिहास दाखवू’ म्हणणाऱ्यांनी ८० आणि ५ हे आकडे जवळ ठेवावेत. चित्रापुढे एकाच वेळी वीस जण उभे राहू शकतात, कंट्रोलर (गेम चालवायचं बटणांचं यंत्र) मात्र एकाच्याच हातात असतो. मोफत कार्यक्रमात तिकीट नसतं, त्यामुळे गर्दीला लगामही नसतो. अशा ठिकाणी सगळ्यात दुर्मिळ गोष्ट म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात कंट्रोलर असतानाची ती आठ-दहा मिनिटं. गेम कोणता, टेबल कुठे, पाटीवर काय लिहायचं, हे सगळं त्या मिनिटांवरून ठरवावं.

निवड

पहिली चाळणी साधी आहे. ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही, त्याला दहा मिनिटांत या गेमचं म्हणणं पोचेल का? न पोचणारा गेम कितीही थोर असला तरी टेबलावर नको. त्याची जागा व्हिडिओत किंवा स्टेजवर.

जेसन रोहररचा पॅसेज (२००७) या कसोटीवर अजूनही अव्वल आहे. पूर्ण गेम पाच मिनिटांचा. अवघ्या १०० बाय १६ पिक्सेलच्या आडव्या पट्टीत एक माणूस चालत असतो. वाटेत जोडीदार भेटते. तिला सोबत घेतलं तर अरुंद वाटांतून जाता येत नाही, काही पेट्या हाताला लागत नाहीत. पाच मिनिटांत दोघं म्हातारी होतात. बटणं समजावून सांगायला दहा सेकंद पुरतात. इथे गोष्ट संवादात नाहीच, ती नियमात आहे. गेम ही कथनाची वेगळी कला आहे हे पटवून द्यायला यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ पुरावा मिळणार नाही.

फ्लॉरेन्स (२०१८) फोनवर किंवा टॅबलेटवर ठेवता येतो. त्यात पहिल्या भेटीत बोलायचं म्हणजे कोड्याचे तुकडे जुळवायचे. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, शेवटी एकच उरतो. पुढे भांडण झालं की तेच तुकडे टोकदार होतात. बोटांना हे आधी कळतं, डोक्याला मग. पूर्ण गेम अर्ध्या तासाच्या आसपासचा आहे, पण सुरुवातीपासून त्या भेटीपर्यंतचा भाग आपल्या दहा मिनिटांत बसतो. मॉन्युमेंट व्हॅलीची (२०१४) पहिली दोन-तीन प्रकरणंही अशीच बसतात.

लुकास पोपचा पेपर्स, प्लीज (२०१३) थोडा अवघड, पण ठेवावाच. सीमेवरच्या तपासनिसाचं टेबल, लोकांची कागदपत्रं, आणि घरभाड्यापुरती कमाई. गेममधले पहिले दोन-तीन दिवस पुरेसे आहेत, कारण नियम वाढत गेल्यावर माणूस माणुसकी कुठे सोडतो ते तेवढ्यात दिसायला लागतं. यात अंगझडतीची दृश्यं आहेत. सेटिंगमध्ये नग्नता बंद करायची सोय आहे, ती आधीच बंद करून ठेवा.

व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंचमध्ये (२०१७) मासळीच्या कारखान्यातलं एक प्रकरण आहे. एका हाताने मासे कापत राहायचं, दुसऱ्या हाताने मनातल्या राज्यात फिरायचं, आणि हळूहळू ते राज्य स्क्रीन व्यापत जातं. शिकवण्यासाठी यासारखा नमुना क्वचित मिळेल. पण त्या प्रकरणाचा शेवट आत्महत्येकडे जातो आणि गेममध्ये लहान मुलांचे मृत्यूही आहेत. तो ठेवायचा असेल तर वेगळ्या कोपऱ्यात, स्पष्ट सूचनेसह आणि जवळ माणूस बसवून. तेवढी माणसं नसतील तर नकोच.

जुन्या आर्केड गेमना (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या) ‘कथा नाही’ म्हणून वगळू नका. १९८० च्या पॅक-मॅनमधली चार भुतं वेगवेगळ्या स्वभावाची आहेत: लाल थेट मागे लागतं, गुलाबी भूत पॅक-मॅनच्या तोंडापुढच्या चार घरांवर नेम धरून वाट अडवायला बघतं. एवढं पाटीवर लिहिलं की बघणारे भुतं ओळखायला लागतात. स्पेस इन्व्हेडर्सचंही (१९७८) तसंच. शत्रू कमी होतात तसे उरलेले वेगाने येतात, आणि हा थरार मुळात यंत्राच्या मर्यादेतून आला: काढायच्या आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसर त्या भराभर हलवू लागायचा.

बारा टेबलं असतील तर माझी वाटणी अशी: चारांवर लहान, पूर्ण होणारे गेम, तिघांवर मोठ्या गेमची निवडक सुरुवात, दोनांवर दोघांनी मिळून खेळायचे, एक जुनं यंत्र, एक विचित्र कंट्रोलरवालं, आणि एक स्वतः गेम बनवून पाहायचं. लढायांचे आणि गुणांचे गेम इथे मुद्दाम कमी ठेवले आहेत. एकदा स्पर्धेचा माहौल तयार झाला की शेजारच्या टेबलावर शांतपणे वाचणारा माणूस उठून जातो.

ऑनलाइनवर अवलंबून असलेल्या गेमबद्दल एक इशारा. जर्नीमध्ये (२०१२) वाळवंटात भेटणारा सोबती हा खरा, अनोळखी खेळाडू असतो. त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही आणि बोलायला फक्त एक सूर असतो. हॉलमध्ये इंटरनेट नसेल तर गेम चालतो, पण सोबती येत नाही, म्हणजे ज्यासाठी तो ठेवला तेच गळतं. हॉलच्या वाय-फायवर विसंबू नका. शक्यतो वायरने जोडा आणि गेमची ऑनलाइन सेवा त्या नेटवर्कवर अडवलेली नाही ना, ते आदल्या दिवशी तपासा.

परवानगी

‘आम्ही पैसे घेत नाही, मग परवानगी कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. विकत घेतलेला गेम बहुतेक करारांनुसार वैयक्तिक वापरासाठी असतो. सार्वजनिक ठिकाणी मांडणं हा वेगळा वापर झाला, प्रवेश मोफत असला तरी. इंटरनेटवरून उतरवलेल्या जुन्या गेमच्या रॉम फाइल (काढून घेतलेल्या प्रती) तर ठेवूच नका. ‘आता कोणी विकत नाही’ याचा अर्थ हक्क संपले असा होत नाही. जुना गेम दाखवायचा तर मूळ यंत्र आणि गेमचं मूळ काडतूस (कार्ट्रिज) वापरा, आणि परवानगी त्यासाठीही मागा.

कार्यक्रमाच्या आठ आठवडे आधी पत्र पाठवा. पत्रात तारीख, जागा, किती तास, किती टेबलं, प्रवेश मोफत असल्याचं, प्रायोजक असेल तर त्याचं नाव, नेमका कोणता भाग खेळायला ठेवणार, आणि फोटो-व्हिडिओ काढणार का, हे लिहा. शेवटी प्रदर्शनासाठी वेगळी आवृत्ती आहे का ते विचारा. छोट्या निर्मात्यांकडे अशी आवृत्ती बरेचदा तयार असते, कारण ते स्वतः मेळ्यांत गेम मांडतात. त्यात वेळ संपला की आपोआप सुरुवातीला जायची सोय असते आणि तुमचं अर्धं काम वाचतं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एक आठवण पाठवा. तरीही नाही आलं तर तो गेम यादीतून काढा. मोठ्या कंपन्यांची उत्तरं उशिरा येतात, म्हणून यादीचा कणा छोट्या निर्मात्यांवर उभारलेला बरा.

किती माणसं खेळतील

एका टेबलावर दहा मिनिटांचा खेळ आणि दोन मिनिटं अदलाबदल धरली तर एका माणसामागे बारा मिनिटं जातात. पाच तासांत पंचवीस माणसं. बारा टेबलांवर तीनशे. हा कमाल आकडा झाला. प्रत्यक्षात तीन चतुर्थांश धरा. हजार लोक येणार असतील तर सातशेहून अधिक जणांना कंट्रोलर मिळणार नाही, हे आधीच मान्य करून त्यांच्यासाठी आखणी करावी.

म्हणून प्रत्येक टेबलामागे बघणाऱ्यांची सोय हवी. खेळणाऱ्याची स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला, आणि तीच प्रतिमा एचडीएमआय स्प्लिटरने (एक चित्र दोन स्क्रीनवर पाठवणाऱ्या डबीने) वर टांगलेल्या दुसऱ्या, मोठ्या स्क्रीनवर. खेळणाऱ्याच्या मागे दोन खुर्च्या, ‘पुढचे दोघं’ म्हणून. यापेक्षा लांब रांग एका टेबलापुढे होऊ देऊ नका. आकडा लिहिलेली चिठ्ठी देऊन माणसाला मोकळं सोडा. चिठ्ठीवर अंदाजे वेळ लिहिली की लोक मधल्या काळात पाट्या वाचतात. वाळूचं घड्याळ टेबलावर ठेवलं तर स्वयंसेवकाला ‘उठा’ म्हणावं लागत नाही. पूर्ण होणाऱ्या छोट्या गेमना मात्र घड्याळ लावू नका. पॅसेज चौथ्या मिनिटाला थांबवणं म्हणजे तो न दाखवण्यासारखंच आहे.

वीज, वायर, स्क्रीन

आधी वॅटचा हिशेब. नव्या पिढीचा मोठा कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) खेळताना साधारण २०० वॅट घेतो, ४३ इंची टीव्ही ७० ते १००, गेमिंग लॅपटॉप २०० च्या आसपास, प्रोजेक्टर ३०० पर्यंत. डॉकमध्ये बसवलेला निन्टेन्डो स्विच हा छोटा कन्सोल २० वॅटच्या आत राहतो. समजा २३० व्होल्टची लाइन १० अँपिअरच्या ब्रेकरवर आहे. तिची क्षमता २३०० वॅट. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे १८४०. कन्सोल आणि टीव्ही मिळून ३०० धरले तर एका लाइनवर सहा टेबलं, सातवं नाही. कोणतं सॉकेट कोणत्या ब्रेकरवर आहे ते हॉलच्या इलेक्ट्रिशियनला विचारून कागदावर काढा. समोरासमोरच्या दोन भिंतींवरची सॉकेट एकाच ब्रेकरवर निघतात, आणि बहुतेक वेळा त्याच ब्रेकरवर कोणीतरी चहाची किटली लावतं.

एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका. गुंडाळीवरची वायर वापरत असाल तर ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीत उष्णता कोंडते आणि आवरण वितळू शकतं. चालण्याच्या वाटेवर वायर आली तर केबल-झाकणी टाका. चिकटपट्टीने भागवायचं असेल तर कापडी गॅफर टेप लांबीच्या दिशेने लावा. नुसत्या आडव्या पट्ट्या तासाभरात उखडतात.

साधी एचडीएमआय वायर १० मीटरपुढे भरवशाची राहत नाही, आणि यूएसबी २ ची साधी वायर ५ मीटरपर्यंतच. म्हणून यंत्र टेबलाखालीच, पण हवा खेळेल असं ठेवा. कपड्याने झाकलेल्या टेबलाखाली बंद कोंडलेला कन्सोल दुपारपर्यंत तापून बंद पडतो. टेबलाचा मागचा भाग उघडा सोडा.

टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू केल्याशिवाय काहीही मांडू नका. बाकीच्या मोडमध्ये टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. नवखा माणूस दोष स्वतःला देतो, ‘मला हे जमत नाही’ म्हणून कंट्रोलर ठेवतो. जुन्या कन्सोलच्या बाबतीत हे अधिक जाणवतं. कित्येक नवे टीव्ही त्यांचं २४० ओळींचं चित्र चुकीचं ओळखून ते पुसट करतात. जमलं तर सीआरटी, म्हणजे जुना काचेच्या नळीचा जाड टीव्ही आणा. निन्टेन्डोच्या जुन्या, स्क्रीनवर नेम धरायच्या बंदुकीला तर सीआरटीच लागतो, कारण ट्रिगर दाबताच स्क्रीन क्षणभर काळी होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदूक तो प्रकाश ठरलेल्या क्षणी शोधते. आजच्या एलसीडी टीव्हीला तो क्षण गाठता येत नाही. सीआरटी उचलायला दोन माणसं लागतात आणि घडीचं टेबल त्याखाली वाकतं.

आवाज हा गेमचा निम्मा जीव. सगळ्या टेबलांना स्पीकर लावले तर कोणाचंच काही ऐकू येत नाही. कथेच्या गेमना कान पूर्ण झाकणारे हेडफोन, वायरवाले. सोबत आलेल्यासाठी दुसरा हेडफोन लावा, कारण लोक जोडीने येतात आणि एकट्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला समजत नाही. साध्या स्प्लिटरने आवाज पडला तर छोटा हेडफोन-ॲम्प्लिफायर जोडा. दंगा करणारे गेम दालनाच्या एका टोकाला, वाचायचे दुसऱ्या टोकाला. प्रत्येक माणसानंतर कंट्रोलर आणि हेडफोन ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या ओल्या कागदाने पुसा. स्क्रीनला मात्र ते लावू नका, लेप निघतो.

कंट्रोलर आणि रिसेट

कार्यक्रम बिघडतो तो इथे. हॉलमध्ये वीस वायरलेस कंट्रोलर आणि शेकडो फोन असले की सिग्नल अडखळतो. शिवाय कोणी मधलं बटण दाबलं की आधी जोडलेला दुसराच कन्सोल जागा होतो. सगळे कंट्रोलर वायरने जोडा. प्लेस्टेशनवर एवढ्याने भागत नाही: वायर लावूनही कंट्रोलर ब्लूटूथनेच बोलत राहू शकतो. सेटिंगमध्ये जाऊन संपर्काची पद्धत ‘यूएसबी केबल’ अशी निवडावी लागते. कंट्रोलर ठरावीक वेळाने बंद व्हायची सोयही तिथेच रद्द करा. वायरचा एक वेढा टेबलाच्या पायाला घालून टेपने बांधा, म्हणजे ओढ पोर्टवर येत नाही.

पीसीवर तीन शत्रू. शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोज ‘स्टिकी कीज’ची खिडकी उघडतं, धावायला शिफ्ट असलेल्या गेममध्ये हे दर दहा मिनिटांनी होतं. एक्सबॉक्स कंट्रोलरचं मधलं बटण विंडोजचा ‘गेम बार’ उघडतं. आणि अपडेट. तिन्ही आदल्या दिवशी बंद करा. झोप, स्क्रीनसेव्हर, सूचना हेही बंद करा. स्टीम या पीसी-गेमच्या ऑनलाइन दुकानातले गेम असतील तर प्रत्येक यंत्राला वेगळं खातं, प्रत्येक गेम एकदा ऑनलाइन चालवून पाहायचा आणि मगच ऑफलाइन मोड. टॅबलेटवर आयपॅडमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’, अँड्रॉइडमध्ये ‘स्क्रीन पिनिंग’ लावा, म्हणजे गेमबाहेर जाता येत नाही. नाहीतर तिसरा पाहुणा कॅमेऱ्यात स्वतःचा फोटो काढत बसलेला सापडेल.

आता रिसेट. मागचा माणूस जिथे सोडून गेला तिथून पुढच्याने सुरू केलं तर त्याला गोष्ट कळत नाही. ‘नवा गेम’ निवडायचं काम पाहुण्यावर टाकलं तर तो भाषा, ब्राइटनेस, नाव या पडद्यांत दोन मिनिटं हरवतो. म्हणून हव्या त्या प्रसंगाच्या अगदी आधी, नियंत्रण पाहुण्याच्या हातात आल्यावर दहा सेकंदांत काहीतरी घडेल अशा जागी, सेव्ह (त्या जागेची साठवलेली नोंद) तयार करा. त्या सेव्हच्या फोल्डरची प्रत वेगळी ठेवा. गेम बंद करणं, चालू फोल्डर पुसून मूळ प्रत टाकणं आणि गेम पुन्हा उघडणं, हे तीन टप्पे एका छोट्या बॅच फाइलमध्ये (आज्ञा ओळीने चालवणाऱ्या फाइलमध्ये) लिहिले की स्वयंसेवकाचं काम दोन क्लिकवर येतं. स्टीमची क्लाउड सेव्ह (इंटरनेटवर ठेवलेली सेव्हची प्रत) त्या गेमपुरती बंद करायला विसरू नका. नाहीतर ऑनलाइन असलेलं यंत्र पाहुण्याची सेव्ह क्लाउडवरून परत आणतं आणि बॅच फाइल का चालत नाही हे कोणालाच कळत नाही.

गेम स्वतः बनवलेला असेल तर ‘कोणी बटण दाबलं नाही तर मूळ जागी जा’ हे त्यातच लिहा. कृतीच्या गेमला ६० सेकंद ठीक. वाचायच्या गेमला तेवढ्यावर ठेवलं तर सावकाश वाचणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मजकूर पुसला जातो. तिथे १५० ते १८० सेकंद द्या, आणि शेवटचे दहा सेकंद स्क्रीनवर मोजून दाखवा.

तीन टेबलांमागे एक स्वयंसेवक पुरतो. त्याला एकच गोष्ट शिकवायची: बटण कोणतं ते सांग, वाट कोणती ते सांगू नको. माणूस अर्धा मिनिट चुकला तर चुकू दे. ‘इकडे नाही, उजवीकडे’ म्हणणारा हौशी जाणकार हा अशा कार्यक्रमांतला मोठा उपद्रव आहे, आणि तो बहुधा आयोजकांपैकीच असतो.

पाटी

पाटीवर गेमचं कथानक लिहिलं की पाटी वाया गेली. ते खेळून कळेल. हात काय करतो आणि त्याचा अर्थ काय होतो, ते लिहा. साठ-सत्तर शब्दांच्या वर नको. अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको, पाटीचा मध्य जमिनीपासून १४० सेंटीमीटरच्या आसपास. पॅसेजची पाटी अशी लिहिता येईल:

‘उजवीकडे चाला किंवा थांबा, काळ सरतोच. खाली गेलात तर संपत्ती सापडेल, पण वाटा अरुंद आहेत. कोणाला सोबत घ्यायचं का, हे तुम्ही ठरवा. पट्टीच्या उजव्या टोकाला सगळं धूसर दिसतं. शेवटी ते धूसरपण डावीकडे सरकतं. पाच मिनिटं लागतील. गुण मोजले जातात. ते कशासाठी, हा प्रश्न मनात येऊ द्या.’

खाली श्रेय. कंपनीचं एकच नाव लिहून भागवू नका. चित्रकार, लेखक, संगीतकार, प्रोग्रामर, वर्ष आणि कोणत्या यंत्रासाठी बनवला ते लिहा. जर्नीचं संगीत ऑस्टिन विन्टरीचं आहे आणि दृकश्राव्य माध्यमासाठीच्या संगीताच्या विभागात ग्रॅमी नामांकन मिळालेलं ते गेमचं पहिलं संगीत. हे पाटीवर असेल तर हेडफोन लावणारा वेगळ्या कानाने ऐकतो. गेममधला मजकूर पाहुण्यांना न येणाऱ्या भाषेत असेल तर निवडलेल्या दहा मिनिटांचं भाषांतर छापून, प्रसंगांच्या क्रमाने, टेबलावर ठेवा. अख्ख्या गेमचं करायला बसू नका.

कोणाला काय झेपेल

वयाचे शिक्के वापरा, पण त्यांच्यावर थांबू नका. ‘१६’ हा आकडा रक्तासाठी आहे की दुःखासाठी, हे पालकांना कळत नाही. ‘यात मृत्यू आहे’, ‘यात दारूबाज वडील आहेत’ असं सरळ लिहा. झगमगत्या प्रकाशाने काहींना झटका येऊ शकतो. वेब-सुलभतेचा निकष सेकंदाला तीनपेक्षा जास्त चमका नकोत असा आहे. तुमच्या गेममध्ये असतील तर सूचना दारावरही आणि टेबलावरही, शिवाय ती स्क्रीन वाटेकडे तोंड करून ठेवू नका.

निदान दोन टेबलांखाली ७० सेंटीमीटर मोकळी उंची ठेवा, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते. सबटायटल सुरुवातीपासून चालू, अक्षर मोठं. एक्सबॉक्सचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर (२०१८) मिळाला तर आणा. त्याच्या मागे ३.५ मिलिमीटरच्या १९ खोबणी असतात आणि प्रत्येकीत पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायचं बटण जोडता येतं. सेलेस्टेमधल्या (२०१८) असिस्ट मोडमध्ये (गेम सोपा करून घ्यायच्या सोयीत) वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो. तो मोड दाखवताना अपंगांसाठीची सवलत म्हणून दाखवू नका, निर्मात्यांचा कथनाबद्दलचा निर्णय म्हणून दाखवा. सकाळचा पहिला तास कमी प्रकाश, कमी आवाज आणि मोजकी माणसं असा ठेवला, तर ज्यांना गर्दी सोसत नाही तेही येतात.

स्टेज आणि हाताने करायचं

लांब गेमची खरी जागा स्टेज. प्रोजेक्टर ३००० ल्युमेनच्या वरचा, पडदा तीन मीटरपर्यंत, दिवे निम्मे. एक जण खेळतो, दुसरा संवाद मोठ्याने वाचतो, आणि निवड आली की प्रेक्षक हात वर करून ठरवतात. चाळीस-पन्नास मिनिटं पुरेत. खेळणाऱ्याने तो भाग आधी दोनदा खेळलेला हवा. वाचणाऱ्याने मुद्दाम पहिल्यांदाच पाहिलेला असला तरी चालेल. त्याच्या आवाजातलं आश्चर्य खरं असतं. बोलणारा मध्येच थांबून ‘इथे कॅमेरा बघा’ म्हणत असेल तर ते एखाद-दोनदाच. पाचव्यांदा लोक फोन काढतात.

विचित्र कंट्रोलर लहान मुलांना आणि आजी-आजोबांना सारखेच ओढतात. रॉबिन बाउमगार्टनचा लाइन वॉबलर हा एका ओळीतला गेम आहे: एलईडीची लांब पट्टी आणि दाराला लावायची स्प्रिंग, बास. घरी करायचं तर मेकी मेकीचं सर्किट यूएसबी कीबोर्डसारखं वागतं. वाहक असलेल्या कशालाही चिमटा लावला की ते बटण होतं. मात्र खेळणाऱ्याने अर्थची (अर्थिंगची) वायरही धरलेली हवी. गर्दीत नेमकं तेच विसरतं आणि ‘बंद आहे’ म्हणून लोक निघून जातात. अर्थची वायर ज्याला हात टेकतोच अशा धातूच्या पट्टीला जोडून टाका.

गेम बनवायच्या टेबलावर बिट्सी हे छोटे गेम बनवायचं साधन ठेवा. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे. चित्राचा तुकडा ८ बाय ८ पिक्सेलचा, खोली १६ बाय १६ तुकड्यांची. मर्यादा एवढी स्पष्ट की चित्र येत नाही ही सबब चालत नाही. ४५ मिनिटांची वाटणी: ५ मिनिटं दाखवणं, १० पात्र, १० खोली, १० संवाद, ५ दार आणि शेवट, ५ एकमेकांचं खेळणं. दोन खाचखळगे आहेत. काम ब्राउझरच्या आतच साठतं, त्यामुळे खाजगी विंडोत उघडलं तर खिडकी मिटताच सगळं जातं. दर पंधरा मिनिटांनी फाइल उतरवून घ्यायला सांगा. आणि त्याच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मराठीत लिहायचं असेल त्यांना ट्वाइन हे शब्दांचे गेम बनवायचं साधन द्या. त्यात मजकूर लिहायचा, दुव्याचे शब्द दुहेरी चौकोनी कंसांत घालायचे, आणि शेवटी एकच एचटीएमएल फाइल हातात येते, जी कुठल्याही फोनवर उघडते.

आवराआवर

संध्याकाळी यंत्रं बंद करण्याआधी प्रत्येक खात्यातून बाहेर पडा, पाहुण्यांनी टाकलेली नावं आणि त्यांच्या सेव्ह पुसा, कंट्रोलर मोजा. प्रत्येक टेबलाच्या कागदावर किती जण खेळले, किती मध्येच उठले आणि नेमके कुठे उठले हे स्वयंसेवकांनी रेघा मारून लिहिलेलं असेल तर तो कागद फोटो काढून गेमच्या निर्मात्याला त्याच आठवड्यात पाठवा. ‘सतरा जणांपैकी नऊ जण दुसऱ्या दारापाशी अडकले’ ही माहिती त्याला आभारपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते, आणि पुढच्या वेळी परवानगीचं उत्तर लवकर येतं.